मोतीला किती कळतं? कुत्र्याच्या तोंडून सांगितलेल्या एका चित्रपटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका कौटुंबिक चित्रपटाच्या संकलनाच्या टेबलावरचं आहे. चित्रपट प्रदर्शित होऊन गेला आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि कुत्र्याला इथे मोती म्हटलं आहे. पहिलं संकलन तयार झाल्यावर मला पटकथा सल्लागार म्हणून बोलावलं होतं, त्यामुळे त्याआधीचा भाग पटकथेचे मसुदे, टिपणं आणि त्या मंडळींशी झालेलं बोलणं यांवरून लिहितो आहे.

गोष्ट साधी आहे. एका घरात पिल्लू येतं. घरात आई, बाबा आणि लहान मुलगी. काही वर्षांनी आई आजारी पडते आणि जाते. बाप आणि मुलगी एकाच घरात राहून एकमेकांपासून लांब जातात, आणि मोती दोघांच्या मधे घुटमळत राहतो. शेवटी म्हातारा मोतीही जातो, पण तोवर ती दोघं पुन्हा एकमेकांशी बोलायला लागलेली असतात. हे सगळं मोती सांगतो. त्याचं तोंड हलत नाही, फक्त आवाज ऐकू येतो.

निवेदन कुत्र्याचं ठेवण्यामागे लेखिकेचं कारण पक्कं होतं. आई गेल्यावर या घरातली माणसं गप्प होतात. गप्प माणसांच्या गोष्टीत बोलणारा कोणीतरी लागतो, आणि जो बोलतो त्याचं घरातल्या कोणालाच ऐकू येत नाही, ही गंमत तिला हवी होती. निर्मात्याचं कारण सरळ होतं: बोलणारा कुत्रा म्हटलं की मुलं आईवडिलांना ओढून आणतात. दिग्दर्शकाचा हा दुसरा चित्रपट होता आणि कुत्र्याबरोबर काम करण्याची पहिलीच वेळ.

चित्रीकरणाचा एक तपशील पुढे कामाला येणार आहे, म्हणून आत्ताच सांगतो. मोतीचं काम एका कुत्र्याने केलेलं नाही. मोठ्या मोतीसाठी एकसारखे दिसणारे दोन होते, पिल्लू वेगळं होतं, आणि म्हातारपणासाठी त्या दोघांपैकी शांत होता त्याच्या तोंडाभोवतीचे केस रंगाने पांढरे केले होते. कॅमेरा चालू असताना प्रशिक्षक सतत खुणा करत असतो, तोंडानेही सूचना देत असतो. त्यामुळे अशा दृश्यांचा मूळ आवाज बहुधा वापरता येत नाही, तो नंतर नव्याने बसवावा लागतो. शिवाय कुत्र्याची नजर समोरच्या नटावर नसते, प्रशिक्षकाच्या हातातल्या खाऊवर असते. खाऊ नटाच्या कानाशी धरला तर काम भागतं, हातभर बाजूला धरला तर नजर चुकते, आणि ती चूक पडद्यावर कोणालाही दिसते.

अडचण

नटाचं वाक्य नंतर बदलायचं तर त्याचे ओठ आडवे येतात. मोतीचे ओठ हलतच नव्हते. म्हणजे शेवटच्या ध्वनिमिश्रणाच्या दिवसापर्यंत त्याच्या तोंडी काहीही घालता येत होतं, आणि तसंच झालं. एक दृश्य चित्रित व्हायचं राहिलं, तर मोतीने ते सांगून टाकलं. मधली तीन वर्षं उडी मारून जायची होती, मोतीने सांगितलं. बापाच्या डोक्यावर कर्ज आहे हे कुठल्याच दृश्यात नीट येत नव्हतं, मोतीने तेही सांगितलं. भिंतीला भेग दिसली की लांबी भरावी तसं निवेदन भरत गेलं. प्रत्येक वेळी निर्णय अगदी लहान होता, एका वाक्याचा, आणि म्हणून तो कोणाला निर्णय वाटलाच नाही. पहिलं संकलन दोन तासांच्या पुढे गेलं, आणि त्यात मोती सलग गप्प असलेला मोठा तुकडा शोधावा लागत होता.

बोलत काय होता, हे त्याहून महत्त्वाचं. त्याला डॉक्टरांचा अहवाल माहीत होता. दवाखान्यात तो कधी गेलाच नाही, तरी तिथे आई काय म्हणाली ते त्याला माहीत होतं. बापाच्या मनात काय चाललं आहे तेही माहीत. वर दर दहा मिनिटांनी एक सुविचार: "माणसं घड्याळाकडे बघतात, आम्ही दाराकडे बघतो," अशा चालीचे. सुटं वाक्य म्हणून ते वाईट नाही. अशी वाक्यं एकामागोमाग आली, की कुत्रा बोलतो आहे असं वाटत नाही, कुत्र्याच्या आडून लेखक बोलतो आहे असं वाटतं.

मग आतल्या लोकांपुरता एक चाचणी खेळ झाला. प्रेक्षक ओळखीपाळखीची कुटुंबं, मुलांसकट. पहिल्या अर्ध्या तासातच मुलं खुर्च्यांवर चढउतार करायला लागली. मोतीच्या मरणाच्या दृश्यात, जिथे सगळा पडदा ओला व्हायचा होता, तिथे मागच्या रांगेतून दबकं हसू ऐकू आलं. मोठ्यांनी नंतर सभ्यपणे "छान आहे, जरा लांबलंय" असं सांगितलं, त्यातून हाती काही लागेना. खरी गोष्ट एका लहान मुलाने विचारली: "मोतीला सगळं माहीत होतं, तर त्याने आधी सांगितलं का नाही?"

त्याच्या आईने त्याला गप्प केलं. "अरे, कुत्र्याला बोलता येतं का?" पण दीड-दोन तास तो बोलतच होता की. मुलाचा प्रश्न बरोबर होता. जो सगळं जाणतो आणि नुसता बघत बसतो, त्याच्या निष्ठेचं कौतुक कसं वाटणार?

समोर असलेले पर्याय

बैठकीत चार वाटा मांडल्या गेल्या. त्यांतल्या दोन लवकर बाद झाल्या.

पहिली, निवेदन पूर्ण काढून टाकायचं. संकलकाला हेच हवं होतं. त्याने हाचिकोचा दाखला दिला. तोक्योतल्या शिबुया स्थानकावर हा कुत्रा आपल्या प्राध्यापक धन्याची वाट बघायचा. धनी १९२५ मध्ये गेला आणि कुत्रा त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं, १९३५ मध्ये मरेपर्यंत, तिथे येत राहिला. ही गोष्ट जगभर कळली आणि तिच्यात कुत्र्याला एक शब्दही बोलावा लागला नाही. म्हणणं चोख होतं. अडचण अशी की आपल्या चित्रपटातली कितीतरी दृश्यं निवेदन येणार या हिशेबानेच चित्रित झाली होती. मोती खिडकीत बसला आहे, बाहेर पाऊस आहे, आणि एवढंच. आवाज काढला की त्या दृश्यात काही घडतच नव्हतं.

दुसरी, निवेदन तसंच ठेवून आवाज बदलायचा. निर्मात्याचं मत: एखादा भारदस्त, लोकांना लगेच ओळखू येणारा आवाज घ्या, वाक्यं आपोआप वजनदार होतील. माझं मत उलट होतं. मुळात वाक्यांना वजन जास्त झालं होतं.

तिसरी, निवेदन मोठ्या झालेल्या मुलीला द्यायचं. ही वाट तर्काने सगळ्यांत स्वच्छ. मुलीला आईचा आजार माहीत आहे, बापाचं कर्ज माहीत आहे, मागे वळून बघण्याचा अधिकारही तिचाच. दिग्दर्शक या वाटेवर चांगलाच रेंगाळला. एक छोटा तुकडा तिच्या आवाजात करूनही पाहिला. तुकडा चांगला झाला, पण त्यात मोती एका माणसाच्या आठवणीतला कुत्रा झाला. लेखिका एवढंच म्हणाली, "हा चित्रपट मी बघीन. पण हा मी लिहिलेला नाही." यावर कोणाकडे उत्तर नव्हतं.

चौथी वाट, निवेदन मोतीचंच ठेवायचं आणि त्याला काय कळतं, काय कळत नाही याची हद्द आखायची. हद्दीबाहेरचं वाक्य कितीही सुंदर असलं तरी जाणार. शेवटी हीच घेतली.

ती घेण्यामागे एक जुनी गोष्ट होती. शंभरएक वर्षांपूर्वी लेव कुलेशोव या रशियन दिग्दर्शकाने एका नटाचा तोच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या चित्रांना जोडून दाखवला: एकदा सूपची थाळी, एकदा शवपेटी. प्रेक्षकांना त्या चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी दुःख. चेहरा एकच होता. कुत्र्याचा चेहरा तर या कामासाठी सोन्यासारखा. भुवईची आतली बाजू वर उचलणारा स्नायू कुत्र्यांमध्ये पक्का विकसित झालेला असतो आणि लांडग्यांमध्ये जवळपास नसतो, असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. ती भुवई उचलली गेली की आपण विरघळतो. म्हणजे प्रेक्षक आपल्या मनातलं त्या चेहऱ्यावर भरायला तयारच बसलेला असतो. तिथे आवाजाने आधीच सगळं भरून ठेवलं, तर प्रेक्षकाला करायला काय उरतं?

काय केलं

नियमांचं एक पान तयार झालं. मोतीला कळतं ते: वास, आवाज, माणसांची चाल, रोजचा क्रम, कोण कुठे बसतं, कोणाचा हात कसा आहे. मोतीला कळत नाही ते: पैसे, तारखा, आजारांची नावं, कारणं. माणसांचे शब्द त्याला मोजकेच कळतात, सूर मात्र सगळा कळतो. जिथे तो हजर नाही तिथलं तो सांगणार नाही. आणि ज्यावर सगळ्यांत जास्त वाद झाला तो नियम: तो वर्तमानकाळात बोलेल.

मूळ निवेदन भूतकाळात होतं. म्हातारा मोती मागे वळून सांगतो आहे, "त्या दिवशी मला ठाऊक नव्हतं की..." या धाटणीने. एकदा म्हातारपणी सगळं आठवून सांगायचं ठरलं, की निवेदकाला शेवट माहीत असतो, आणि शेवट माहीत असलेला निवेदक सुविचार बोलायला लागतो. वर्तमानकाळात ती सोयच राहत नाही. दिग्दर्शकाला भीती होती की आठवणींचा ओलावा जाईल. लेखिकेने तीन दृश्यं नव्याने लिहून आणली आणि वाद तिथे मिटला. ती तीनही इथे जरा तपशिलात देतो, कारण हे प्रकरण त्यांच्यातच आहे.

पहिलं, आईच्या स्वेटरचं. आधीच्या मसुद्यात मोती म्हणायचा, "तिचा तो लाल स्वेटर मला सगळ्यांत आवडायचा." कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दोन प्रकारच्या असतात, माणसाच्या डोळ्यात तीन. निळा आणि पिवळा त्याला कळतो, लाल आणि हिरव्यात तो गोंधळतो. लाल स्वेटर त्याला मळकट, करडा-तपकिरी दिसणार. बैठकीत कोणीतरी म्हणालंच, "अहो, एवढं कोण बघतंय?" कोणी बघत नाही हे खरं. पण लाल काढल्यावर लेखिकेला दुसरं काहीतरी शोधावं लागलं, आणि तिने वास शोधला. माणसाच्या नाकात वास घेणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख धरतात, कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या वर. नवं निवेदन असं: "स्वेटरच्या डाव्या बाहीत साबण आहे. उजवीत मी आहे." उजव्या हाताने ती त्याला थोपटायची, हे पडद्यावर आधीच येऊन गेलेलं होतं. आता ते वाक्याशी जोडलं गेलं.

दुसरं, आजाराचं. प्रशिक्षित कुत्रे काही कर्करोगांचे नमुने वासावरून ओळखू शकतात असं दाखवणारे प्रयोग झाले आहेत, आणि मधुमेही धन्याची साखर उतरली की इशारा देण्यासाठीही कुत्रे तयार केले जातात. लेखिकेने हे वाचलं होतं आणि आधीच्या मसुद्यात मोतीने आजार चक्क ओळखला होता: "मला कळून चुकलं होतं, की आई आता फार दिवसांची सोबती नाही." तो लहान मुलगा अडला तो इथेच. नव्या पानाप्रमाणे मोतीला वासातला फरक जाणवू शकतो, त्याचा अर्थ लागू शकत नाही. मग निवेदन झालं: "आईचा हात आज वेगळा आहे. मी पुन्हा हुंगतो. तिला गुदगुल्या होतात. ती हसते, म्हणून मी पुन्हा हुंगतो." प्रेक्षकाला इथे पोटात खड्डा पडतो आणि मोतीला तो खेळ वाटतो. या चित्रपटाला जी जागा हवी होती ती ही: प्रेक्षक जाणतो, कुत्रा जाणत नाही, आणि दोघं एकाच हाताकडे बघत आहेत.

तिसरं, आई गेल्यानंतरचं. जुन्या संकलनात इथे मोती बराच वेळ बोलायचा, घर किती रिकामं झालं वगैरे. नव्या मसुद्यात दोनच वाक्यं उरली: "तिच्या चपला दारात आहेत. म्हणजे ती बाहेर गेलेली नाही." आणि मग तो खोल्या धुंडाळतो. निवेदन नाही, संगीत नाही, फरशीवर नखांचा आवाज. हे कागदावर वाचतानाच सगळे गप्प झाले होते.

गोची इथे झाली की चपला चित्रित झालेल्या नव्हत्या. एका लांबच्या दृश्यात कोपऱ्यात दिसत होत्या, एवढंच. मोतीच्या उंचीवरून घेतलेली दृश्यंही मोजकी होती. बहुतेक चित्रपट माणसाच्या उंचीवरून चित्रित झाला होता, म्हणजे निवेदक कुत्रा आणि नजर माणसाची. निर्मात्याने कुरकुरत एक दिवस वाढवून दिला. तेवढ्यात दार, चपला, खोल्यांचे उंबरे, पलंगाखालचा अंधार, आणि मोतीच्या कानांच्या मागून घेतलेली बरीच दृश्यं झाली. कानांची कल्पना प्रशिक्षकाची. त्याचं म्हणणं, समोरून चेहरा घेतला तर नजर कुठे आहे याची कटकट राहते. मागून घेतलं तर नजर दिसतच नाही, आणि आवाजाच्या दिशेला वळणारा कान खोटं बोलत नाही. माणसाला सुमारे २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४० हजारांच्याही वर. माणसांना काही ऐकू येण्याआधी मोतीचा कान वळतो आणि मग दार वाजतं, एवढ्यावर दोन दृश्यं निवेदनाशिवाय उभी राहिली.

अपराधी चेहऱ्याचं एक दृश्यही बदललं. मोतीने उशी फाडली आहे, बाप ओरडतो, मोती कान पाडून बसतो. जुनं निवेदन: "चूक माझी होती, मला माहीत होतं." २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या प्रयोगात असं दिसलं की कुत्र्याचा तो अपराधी चेहरा त्याने गुन्हा केला की नाही यावर अवलंबून नसतो, धनी रागावतो की नाही यावर असतो. काहीच न केलेले कुत्रेही रागावल्यावर तसेच बसले. नवं वाक्य: "त्याचा आवाज जाड झाला आहे. मी लहान होऊन बसतो." आधी हे दृश्य विनोदी होतं. आता बापाच्या रागाचा उशीशी संबंध नाही, हे न सांगता कळायला लागलं.

आवाजासाठी शेवटी निर्मात्याला हवा तसा भारदस्त आवाज घेतला नाही. मध्यम वयाचा, घाई नसलेला, जरासा कुतूहल असलेला आवाज निवडला. ध्वनिमुद्रणात एकच सूचना होती: दुःख करायचं नाही. आवाजात कंप आला की पुन्हा. नटाला ते जड गेलं. चपलांच्या वाक्यावर तो दोनदा खोलीबाहेर जाऊन आला. पण मोतीला काय घडलंय ते माहीतच नाही, तर त्याचा गळा का दाटावा?

दवाखान्याच्या दृश्यांवर मात्र तडजोड झाली. मोती तिथे नसतो, म्हणून तिथे निवेदन नाही, इतपत सगळ्यांना मान्य होतं. संकलकाला ती दृश्यंच नको होती. त्याचं म्हणणं, कॅमेरा घर सोडून जाऊच नये, आई गाडीत बसून जाते आणि मोतीबरोबर आपणही दारात राहतो. दिग्दर्शकाने एक दृश्य काढलं आणि दोन ठेवली, कारण त्यात आईचं काम करणाऱ्या नटीने जीव ओतला होता.

शेवट

निवेदक मरतो तेव्हा बोलतो कोण, हा प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवला होता. 'सनसेट बुलेवार्ड' या १९५० च्या चित्रपटात तरण तलावात पडलेलं प्रेतच सगळी कथा सांगतं, म्हणजे मेलेला निवेदक ही काही नवी गोष्ट नाही. तिथे मात्र त्या मेलेल्या माणसाला सगळं माहीत असण्यातच कडवटपणाची मजा आहे. मोतीने ढगांमागून बोलणं म्हणजे पुन्हा सर्वज्ञ होणं. त्याचा पुनर्जन्म दाखवावा, असंही एकाने सुचवलं. लहान मुलांना धीर मिळेल हे त्यामागचं कारण खोटं नव्हतं, पण मग आई का परत येत नाही, हा प्रश्न मुलं विचारणारच. चपलांच्या दृश्यानंतर ते परवडणारं नव्हतं.

ठरलं ते असं. मोतीचा आवाज त्याच्या मरणाच्या बराच आधी, एका अगदी साध्या वाक्यावर थांबतो. बाप आणि मुलगी आतल्या खोलीत हळू आवाजात बोलत आहेत आणि मोती म्हणतो, "दोघांचेही आवाज एकाच खोलीतून येत आहेत." त्यानंतर निवेदन नाही. प्रेक्षकाला लगेच कळतही नाही की हे शेवटचं वाक्य होतं. मरण दूरच्या एका दृश्यात येतं.

संगीतकाराने ही रिकामी झालेली जागा व्हायोलिनने भरून आणली. ती अर्धी काढायला जो वेळ गेला त्याबद्दल इथे लिहिण्यात अर्थ नाही. ज्यांनी हे काम केलं आहे त्यांना माहीत आहे.

निकाल

दुसऱ्या चाचणी खेळाला वेगळी कुटुंबं होती. मुलं पहिल्या भागात बसून राहिली, हा सगळ्यांत उघड फरक. एका मुलीने चपलांच्या दृश्यात मोठ्याने सांगितलं, "अरे, ती नाहीये घरात." ती मोतीला सांगत होती. आधीच्या खेळात मोती मुलांना समजावत होता, आता मुलं मोतीला समजावायला लागली. दिग्दर्शकाने त्या क्षणी मागे वळून लेखिकेकडे पाहिलं, असं संकलक आजही रंगवून सांगतो.

पण रडण्याची जागा सरकली. पूर्वी सगळी तयारी शेवटच्या मरणासाठी होती. आता प्रेक्षक मध्यंतराच्या आसपासच फुटत होते, आणि त्यानंतरचा भाग, कितीही चांगला असला तरी, उताराचा वाटत होता. दुसऱ्या भागातून बरंच कापलं. तरी तो लांबलेला वाटतोच. परीक्षणांमध्येही थोड्याफार फरकाने हीच तक्रार आली. ही दुरुस्ती संकलनाच्या टेबलावर होण्यासारखी नव्हती. चपलांचं दृश्य पटकथेत असतं, तर पुढच्या भागाची रचना त्याच्या उंचीच्या हिशेबाने झाली असती.

दवाखान्याची ती दोन दृश्यं आज पाहिली की संकलक बरोबर होता असं वाटतं. नटीचं काम अप्रतिम आहे, आणि तरी त्या दृश्यांत चित्रपट अचानक दुसऱ्याच कोणाचा होतो. त्यांतून बाहेर आल्यावर मोतीच्या न कळण्यात पुन्हा शिरायला प्रेक्षकाला वेळ लागतो, आणि लगेच पुढे चपला आहेत.

निर्मात्याने प्रदर्शनाच्या आधी एक वाक्य परत घालून घेतलं. अगदी शेवटी, काळ्या पडद्यावर, मोतीचा आवाज एक निरोपाचं वाक्य बोलतो. चित्रपटगृहातून माणसं जड मनाने बाहेर पडू नयेत, हे त्याचं कारण. लेखिका अजून चिडलेली आहे. दिग्दर्शक म्हणतो, मुलांच्या चेहऱ्यांकडे बघून त्याला ते तितकंसं खटकत नाही. मला खटकतं, पण पैसे माझे नव्हते.

वेगळं काय करता आलं असतं

नियमांचं पान चित्रीकरणाआधी व्हायला हवं होतं. हे सांगायला सोपं आहे, पण त्याचा खरा उपयोग वाक्यांपुरता नव्हता. पान आधी असतं तर दृश्यांची यादीच वेगळी झाली असती: कॅमेऱ्याची उंची, दाराशी काय पडलं आहे, कुठल्या खोलीत कोणाचा आवाज येतो. वाढीव दिवसात जे धावपळीत घेतलं ते निवांत घेता आलं असतं, आणि प्रशिक्षकाला कानांची कल्पना पहिल्या बैठकीत सांगता आली असती. त्याला त्या बैठकीला कोणी बोलावलंच नव्हतं. ज्याला कुत्र्यांचं सगळ्यांत जास्त कळत होतं तो माणूस पटकथेच्या चर्चेत नसणं, ही या प्रकल्पातली सगळ्यांत महागात पडलेली गोष्ट.

दुसरं, निवेदनाचं प्रत्येक नवं वाक्य कोणीतरी एका माणसाने मंजूर करायला हवं होतं. वाक्यं फुकट होती, म्हणून कोणी विचारलं नाही. एका माणसाकडे ते काम असतं आणि त्याने प्रत्येक वाक्यामागे "हे मोतीला कुठून कळलं?" एवढंच विचारलं असतं, तर कर्जाचं वाक्य पहिल्याच आठवड्यात अडलं असतं आणि बापाचं एक छोटं दृश्य चित्रित झालं असतं. ते दृश्य आजही नाही. कर्जाचा धागा शेवटी पूर्ण काढावा लागला, आणि बाप इतका का चिडतो याचं एक कारण त्याच्याबरोबर गेलं.

मुलांना आधी सांगायचं का, यावरही पुरेसं बोलणं झालं नाही. चित्रपटात कुत्रा मरतो का, हे लोकांना आधीच सांगणारं संकेतस्थळ जगात आहे आणि पालक ते आवर्जून बघतात. जाहिरातीत मोती बागडताना दाखवला होता, आईचा आजार कुठेच नव्हता. प्रदर्शनानंतर काही पालकांनी तक्रार केली की घरात नुकतंच कोणी गेलेलं असताना ते मुलांना करमणुकीसाठी म्हणून घेऊन आले होते. गोष्ट झाकण्याऐवजी जाहिरातीत आईला एकदा खोकताना दाखवलं असतं तरी त्यांना अंदाज आला असता. प्रसिद्धी विभागाचं म्हणणं होतं की त्याने तिकिटं कमी खपली असती. खपली असतीही. पण ज्या घरांना तो चित्रपट खरंच हवा होता, ती बहुधा तेव्हाच आली असती.

चाचणी खेळ पहिल्या संकलनाच्याही आधी, नुसत्या वाचनावर घेता आला असता. पाच-सहा मुलांना बसवून मोतीचं निवेदन वाचून दाखवायचं आणि ती कुठे प्रश्न विचारतात ते लिहून घ्यायचं. खर्च जवळजवळ नाही. आता ती लेखिका पुढच्या पटकथेसाठी हेच करते आहे. त्यात निवेदक कोणी प्राणी नाही, तरी प्रत्येक पात्राला काय माहीत नाही याचं एक पान ती आधी लिहून काढते, आणि वाचनाला प्रशिक्षक असो, प्रकाशयोजनाकार असो, जो येईल त्याला बसवून घेते.